संबळ थांबले की जाग का येते

तुळजापुरात एका घरी लग्नानंतरच्या गोंधळाला बसलो होतो. चौक भरलेला, मध्ये कलश, दिवटी पेटलेली. माझ्या शेजारच्या बाईंच्या मांडीवर चारेक वर्षांचे पोर गाढ झोपले होते. त्याच्यापासून दोन हातांवर संबळ कडाडत होते आणि तुणतुण्याची तार अखंड चालू होती. त्या आवाजात मोठ्यांनाही एकमेकांच्या कानाशी लागून बोलावे लागत होते. पोराची पापणी हलत नव्हती. मग आख्यानाला तोंड फोडण्यासाठी गोंधळ्यांनी हात उचलला. संबळ थांबले, तुणतुणेही थांबले. पोर दचकून उठले आणि रडायला लागले.

समोर बसलेल्या एका शिकलेल्या पाहुण्यांनी लगेच उलगडा केला. मेंदू झोपेतही पुढचा ठोका येणार असे धरून बसतो. तो आला नाही की त्याचा अंदाज चुकतो आणि तो माणसाला जागे करतो. मेंदू म्हणजे भाकीत करणारे यंत्रच, असे ते म्हणाले. हे वाक्य गेल्या काही वर्षांत व्याख्यानांत, रविवारच्या पुरवण्यांत, मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकांत इतक्या वेळा आले आहे की ते आता कुणी तपासत नाही. मला ते तपासायचे आहे. मेंदू कधीच भाकीत करत नाही, असे माझे म्हणणे नाही. त्या पोराला जागे करायला मात्र भाकिताची गरज नव्हती, आणि आवाजातला बदल टिपण्याचे बरेचसे काम भाकिताच्या कितीतरी आधी, कितीतरी साध्या साधनांनी उरकलेले असते, हे मला दाखवायचे आहे.

शास्त्रार्थाचा जुना दंडक असा की पूर्वपक्ष असा मांडावा, की तो ऐकून प्रतिपक्ष्याने मान डोलवावी. तर पूर्वपक्ष असा.

१९७८ साली फिनलंडमधील हेलसिंकीचे रिस्टो नॅटॅनेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाच्या कानात एकच सूर पुन्हापुन्हा वाजवायचा, मध्येच क्वचित जरा वेगळा सूर टाकायचा आणि डोक्यावर लावलेल्या तारांतून मेंदूची विद्युतलहर मोजायची. वेगळा सूर आला की सुमारे १०० ते २५० मिलीसेकंदांत काही मायक्रोव्होल्टची एक ऋण लहर उमटते. माणूस पुस्तक वाचत असला, आवाजाकडे त्याचे अजिबात लक्ष नसले तरीही ती उमटते. तिचे नाव मिसमॅच निगेटिव्हिटी. आपण तिला विसंगतीची लहर म्हणू. नॅटॅनेन यांचे स्पष्टीकरण असे होते की मेंदू आधीच्या सुरांची खूण जपून ठेवतो, नवा आलेला सूर तिच्याशी ताडून पाहतो आणि फरक सापडला की लहर उमटते. मॉस्कोच्या येवगेनी सोकोलोव्ह यांनी अशीच तुलनेची कल्पना आधीच मांडली होती. पुढे २००५ मध्ये लंडनच्या कार्ल फ्रिस्टन यांनी ती अधिक व्यापक केली. त्यांच्या मते मेंदूचे वरचे थर खालच्या थरांना सतत सांगत असतात की आता अमुक येणार, आणि खालून वर जाते ती फक्त चूक. २०१२ मध्ये पॅरिसच्या वाकॉन, शांझ्यू आणि डहान यांनी याच विचाराचे पेशींचे जाळे, म्हणजे न्यूरल नेटवर्क, संगणकावर उभे केले आणि त्यातून विसंगतीची लहर काढून दाखवली. भाकीत करणाऱ्या पेशी वेगळ्या आणि चूक नोंदवणाऱ्या वेगळ्या. ही मांडणी देखणी आहे, तिच्यात गणिताची शिस्त आहे आणि ती हलक्यात घेण्यासारखी नाही.

आता उत्तरपक्ष. न्यायशास्त्रात लाघव आणि गौरव असे दोन शब्द आहेत. एकच गोष्ट दोन कल्पनांनी उलगडत असेल तर कमी गृहीतांची कल्पना घ्यावी, ते लाघव. गरज नसताना जास्त गृहीते वाढवणे म्हणजे गौरव, आणि तो दोष. पूर्वपक्षाला एक साठवलेली खूण, एक तुलना करणारा आणि एक चूक कळवणारा अशा तीन वस्तू लागतात. मी एकच मागतो, आणि ती प्रत्येक पेशीपाशी आधीपासूनच आहे. ती म्हणजे थकवा.

दोन चेतापेशींच्या सांध्याकडे जवळून पाहू. संदेश पुढे जाताना तिथे रसायनाचा साठा खर्च होतो आणि तो हळूहळू पुन्हा भरतो. १९९७ मध्ये मिशा त्सोदिक्स आणि हेन्री मार्करम यांनी या खर्चाचे आणि भरण्याचे गणित नेमके बांधले. आपल्या भागात पाण्याची ओढ आहे, म्हणून मी ते रांजणात मांडतो. रांजण काठोकाठ भरलेला, म्हणजे १०० तांबे. एक ठोका आला की असेल त्यातले दोन पंचमांश पाणी निघते आणि पुढच्या ठोक्यापर्यंत रिकाम्या जागेचा एक चतुर्थांश पुन्हा भरतो. पहिल्या ठोक्याला ४० तांबे निघाले आणि रांजण ७० वर आला. दुसऱ्याला २८ निघाले. तिसऱ्याला २३, चौथ्याला २०, पाचव्याला १९. दहाव्या ठोक्यापर्यंत आकडा १८ वर स्थिरावतो, मग कितीही वेळ वाजवा. आता दुसऱ्याच सुराचा ठोका येऊ द्या. त्याचा रांजण वेगळा आणि भरलेला, म्हणून ४० तांबे निघणार. १८ आणि ४० यांतला फरक बाहेरून मोजणाऱ्याला विसंगतीची लहर म्हणून दिसेल. आत कुणी आधीचा सूर आठवला नाही, कुणी तुलना केली नाही, कुणाचा अंदाज चुकला नाही. रांजणाची रिकामी पातळी हीच आठवण.

हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, प्रत्येक सांध्याचे आकडे निराळे असतात. पण वळण तेच राहते. दोन सूर जवळचे असले तर त्यांचे काही रांजण सामाईक असतात, म्हणून दुसऱ्या सुराला पाणी कमी मिळते. सूर जितका लांबचा तितकी लहर मोठी, ही प्रयोगात वारंवार दिसलेली गोष्ट. थकव्याच्या बाजूने ती आपोआप मिळते, तिच्यासाठी वेगळा नियम घालावा लागत नाही.

२००३ मध्ये इस्राएलमधील नाचूम उलानोव्स्की, लियोरा लास आणि इस्राएल नेल्केन यांनी मांजराच्या मेंदूतील श्रवणप्रदेशात एकेका पेशीपाशी सुई नेऊन मोजले. नेहमीचा सूर आणि क्वचित येणारा सूर यांत एकाच पेशीचा प्रतिसाद स्पष्ट वेगळा होता, आणि फरक थकव्याच्या रीतीचा होता. ती मांजरे भूल दिलेली होती. भुलेतल्या मांजराचा मेंदू वरून खाली भाकिते पाठवत असेल, असे म्हणायला मला तरी धीर होत नाही.

या वादाची जागाही पाहण्यासारखी आहे. पेशींच्या जाळ्यातून विसंगतीची लहर काढण्याचे सुरुवातीचे गंभीर काम याच हेलसिंकीत झाले. पॅट्रिक मे आणि हानू टीटिनेन यांनी १९९९ मध्ये थकणाऱ्या सांध्यांचे जाळे बांधून माणसाच्या लहरीशी ताडून पाहिले, आणि त्या लेखाच्या लेखकांत नॅटॅनेन स्वतः होते. पुढे २०१० मध्ये मे आणि टीटिनेन यांनी विस्ताराने लिहिले की विसंगतीची लहर म्हणून जी वेगळी मोजली जाते ती बहुतांश आधीच ठाऊक असलेल्या श्रवणलहरीचाच भाग आहे. थकलेल्या मार्गांतून ती लहान येते, ताज्या मार्गांतून मोठी आणि थोडी उशिराने. नॅटॅनेन यांच्या बाजूने त्याआधी आणि नंतरही लेखी उत्तरे आली. एकाच गावात, एकाच यंत्रासमोर बसून असा निकराचा वाद घालणाऱ्या माणसांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

पूर्वपक्ष इथे थांबत नाही. तो म्हणतो, आवाज नेहमीपेक्षा हळू झाला तरी लहर उमटते. हळू आवाजाला ताजा रांजण कुठून मिळणार? याला उत्तर आहे. श्रवणप्रदेशात काही पेशी हळू आवाजालाच जास्त बोलतात आणि मोठ्या आवाजाला गप्प होतात. त्यांचा रांजण भरलेला असतो. मग पूर्वपक्ष म्हणतो, अनेक सूर सारख्याच प्रमाणात वाजवा, म्हणजे प्रत्येक सूर विरळा, आणि मग क्वचित येणारा सूर त्या मिश्रणातल्या त्याच सुराशी ताडा. श्रोगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून अशी तपासणी सुरू केली. तिच्यातही काही शिल्लक उरते, ते कशाचे? ही हरकत वजनदार आहे. पण मिश्रणातले शेजारचे सूर एकमेकांचे रांजण किती उपसतात, हे सुरांमधल्या अंतरावर आणि पेशींच्या पल्ल्यावर अवलंबून असते. म्हणून शिल्लक उरली याचा अर्थ भाकीत आहे, असे थेट म्हणता येत नाही. आधी जाळे चालवून थकव्याचा वाटा वजा करावा लागतो.

सगळ्यांत कठीण हरकत मी मुद्दाम मागे ठेवली. संबळाचे दोन भाग, एक बारीक आवाजाचा आणि एक घुमणारा. समजा वाजवणारा बारीक, घुम, बारीक, घुम असा नेमाने वाजवतो आहे आणि मध्येच एकदा बारीक, बारीक असा हात पडला. आवाज नवा नाही. उलट आत्ताच वाजलेला आवाज लगेच पुन्हा आला, म्हणजे त्याचा रांजण सर्वांत रिकामा. थकव्याच्या हिशेबाने प्रतिसाद सर्वांत लहान यायला हवा. प्रयोगात मात्र अशा जागीही विसंगतीची लहर मिळते. हे मला बराच काळ छळत होते, आणि एका पातळीच्या थकव्याने हे उलगडत नाही, हे मी सरळ मान्य करतो.

पण जाळे एका पातळीचे नसते. श्रवणप्रदेशात अशा पेशी आढळतात ज्यांचा प्रतिसाद आत्ताच्या सुराबरोबर त्याच्या आधीच्या सुरावरही ठरतो. काही ‘बारीक नंतर घुम’ याला बोलतात, काही ‘घुम नंतर बारीक’ याला, काही ‘बारीक नंतर बारीक’ याला. नेमाने वाजणाऱ्या संबळात पहिल्या दोन जातींचे रांजण उपसले जातात. तिसरीचा रांजण भरलेला राहतो. बारीकवर बारीक आला की तोच उघडतो. म्हणजे तत्त्व तेच, फक्त रांजण सुराचा नसून जोडीचा. मे आणि टीटिनेन यांनी २०१३ मध्ये दाखवले की अशा पेशी वेगळ्या घडवून ठेवाव्या लागत नाहीत. परस्परांशी जोडलेल्या आणि थकणाऱ्या सांध्यांच्या जाळ्यात क्रमाची ओळख आपसूक उगवते, कारण आधीचा सूर जाळ्याला ज्या अवस्थेत सोडून जातो त्याच अवस्थेवर पुढचा येऊन पडतो.

यावर कुणी म्हणेल, हे भाकीतच झाले, फक्त नाव बदलले. तसे नाही. भाकिताच्या मताला दोन जातींच्या पेशी लागतात, एक सांगणारी आणि एक चूक मोजणारी, आणि वरून खाली जाणारी वाट लागते. माझ्या मताला यांतले काहीच लागत नाही. दोन मते वेगवेगळ्या गोष्टी घडतील असे सांगतात, म्हणून त्यांची कसोटी घेता येते. सर्वांत चांगली कसोटी शांतता.

न्यायशास्त्र सांगते की अभावाचे ज्ञान त्याच्या प्रतियोगीच्या, म्हणजे जी वस्तू नाही तिच्या, ज्ञानाशिवाय होत नाही. घागर माहीत नसेल तर ‘इथे घागर नाही’ हे कळणार नाही. भाट्ट मीमांसकांनी तर अभाव कळण्यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाणच मानले. पूर्वपक्षाला हे सोयीचे आहे. ठोका नाही हे कळले, म्हणजे ठोक्याची अपेक्षा होती. पण त्या पोराला ‘संबळ नाही’ असे ज्ञान झाले होते का? ज्ञान आणि दचकणे एक नव्हे. पेशी बोलत असताना तिला दाबून धरणाऱ्या पेशीही चालू असतात. आवाज अचानक संपला की तो दाब सुटतो आणि काही पेशी उसळून बोलतात. श्रवणमार्गात आवाज संपल्यावर उठणाऱ्या पेशी सर्वत्र आहेत, त्यांना उसळीखेरीज काही करावे लागत नाही. शिवाय संबळाखाली दबलेले बारीक आवाज एकदम उघडे पडतात. भांड्याचा खणखणाट, कुणाचे खोकणे, दिवटीची फडफड. त्यांचे रांजण काठोकाठ भरलेले.

आता कसोटी. जपानचे हिरोओकी याबे यांनी नॅटॅनेन यांच्याबरोबर १९९७ मध्ये ठोक्यांच्या रांगेतून मध्येच एक ठोका गाळून पाहिला. दोन ठोक्यांतले अंतर सुमारे १५० मिलीसेकंदांपेक्षा कमी असेल तरच गाळलेल्या ठोक्याला विसंगतीची लहर उमटली. अंतर वाढवले की लहर नाहीशी. भाकीत करणाऱ्या मेंदूला अर्ध्या सेकंदाने येणारा ठोका गाळलेला कळू नये, याला काही कारण दिसत नाही. उसळीला मात्र मुदत असते, ती विरून जाते. द्रुत वाजणारे संबळ या मुदतीच्या आत बसते.

भाषेचा मुद्दा पूर्वपक्षाच्या हातातला आणखी एक पुरावा. १९९७ मध्येच नॅटॅनेन यांनी दाखवले की एस्टोनियन भाषेत असलेल्या आणि फिनिश भाषेत नसलेल्या एका स्वराला एस्टोनियन कान जोरदार लहर देतो, फिनिश कान कमी. आपल्याकडे ‘चार माणसे’ आणि ‘गुरे चार’ यांतला च वेगळा. थोडे या अर्थाचा ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाचा ‘जरा’ यांतला ज वेगळा. लिहितो एकच, ऐकतो दोन. तुळजापुरात आईच्या दर्शनाला कर्नाटकातून, तेलंगणातून माणसे येतात. तेलुगू कानाला हा भेद ओळखीचा, कन्नड कानाला नाही. अशी कसोटी इथे सहज घेता येईल. एस्टोनियन आणि फिनिश कानांच्या फरकावरून दीर्घ स्मृती आहे हे सिद्ध होते, आणि ते मी मानतो. पण ती स्मृती ताडून पाहायला ठेवलेल्या नमुन्यासारखी असायला हवी, असे नाही. लहानपणापासून दोन च वेगळ्या वाटांनी गेले, दोन वाटांचे रांजण वेगळे झाले, एवढ्याने भागते.

मग भाकीत कुठे? पॅरिसच्या ट्रिस्टन बेकिन्श्टाइन आणि सहकाऱ्यांचा २००९ चा प्रयोग मला निर्णायक वाटतो. पाच ठोक्यांचा एक गट, चार सारखे आणि पाचवा वेगळा. हाच गट पुन्हापुन्हा वाजला की पाचवा वेगळा असणे हाच नियम होतो. मग एखादा गट पाचही सारख्या ठोक्यांचा आला तर नियम मोडतो, पण आवाजात नवे काहीच नसते. इथे मेंदूची उशिराची लहर उठते, पण माणूस जागा आणि लक्ष देत असेल तरच. गटातल्या पाचव्या वेगळ्या ठोक्याची लहर मात्र बेशुद्धीसारख्या अवस्थेतही टिकून राहू शकते. म्हणजे आवाजातला बदल खालच्या जाळ्यात टिपला जातो, आणि नियमाचे भान जागेपणी, वर येते. २०१७ मध्ये स्पेनच्या सालामांका येथील गटाने उंदीरवर्गी प्राण्यांत दाखवले की थकवा वजा केल्यावर उरणारा भाग मेंदूच्या खालच्या ठाण्यापासून वर जावे तसा वाढत जातो. हा निकाल माझ्या बाजूला थोडा जड जातो, कारण भुलेतही काही शिल्लक उरते. म्हणून मी ‘सगळे थकव्याने’ असे म्हणत नाही. ‘आधी थकवा, मग उरले तर भाकीत’ एवढेच म्हणतो.

हा वाद मी केवळ बुद्धीच्या हौसेने घालत नाही. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत विसंगतीची लहर लहान असते, हे १९९१ पासून माहीत आहे. भाकीतवादी भाषेत याचा अर्थ घरच्यांना सांगितला जातो की याच्या मेंदूला पुढचे ओळखता येत नाही. ही मोठी आणि जिव्हारी लागणारी गोष्ट झाली. ग्लुटामेट या रसायनाचा एक ग्राही, म्हणजे रिसेप्टर, केटामिनने अडवला की निरोगी माणसातही ती लहर लहान होते. म्हणजे प्रश्न सांध्यांच्या पातळीवरचा असू शकतो, त्या माणसाच्या समजेवरचा निवाडा नव्हे. कोमातल्या रुग्णाचेही तसेच. फ्रान्समधील लिऑनच्या कॅथरीन फिशर यांनी दाखवले की लहर मिळाली तर रुग्ण शुद्धीवर येण्याची शक्यता चांगली असते. ती नोंद मोलाची आहे आणि ती निरीक्षणावर उभी आहे. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या लेकीला ‘बाबांना कळतंय’ असे सांगण्यासाठी मात्र ती पुरत नाही. सांगायचेच असेल तर एवढे सांगावे की कानापासून मेंदूपर्यंतच्या वाटा जिवंत आहेत आणि ही आशेची खूण आहे.

गोंधळ संपल्यावर मी संबळ वाजवणाऱ्या गोंधळ्यांपाशी गेलो. त्यांना विचारले, वाजवताना एखादा ठोका नीट उमटला नाही तर कसे कळते? त्यांनी सांगितले की कानाच्या आधी हाताला कळते. हवा दमट असली की चामडे उतरते, काठी पडते पण आवाज पुरता येत नाही, आणि ते ताबडतोब ध्यानात येते. २०१३ मध्ये लाइप्झिगच्या इरिया सानमिगेल आणि सहकाऱ्यांनी हेच मोजले. माणसाने स्वतः कळ दाबली आणि ठरलेला आवाज आलाच नाही, तर शांततेला मेंदू १०० मिलीसेकंदांच्या आसपास प्रतिसाद देतो. ठोके संथ असले, दोहोंतले अंतर कितीतरी मोठे असले तरीही. तिथे अपेक्षा खरी आहे, कारण हात आपला आहे. भाकीत त्या काठी धरलेल्या हाताकडे होते. मांडीवरच्या पोराकडे नुसते रिकामे झालेले रांजण होते. आख्यान रंगात आले आणि संबळ पुन्हा सुरू झाले, तेव्हा पहिल्या चारपाच ठोक्यांना पोर आणखी मोठ्याने रडले आणि विसाव्या ठोक्याला झोपून गेले होते.